माइकसमोर अडलेलं गाऱ्हाणं

आपा, पत्रात बापाला 'आपण' लिहायचं असतं असं शाळेत शिकवलं होतं, पण मी सहावीत शाळा सोडली, तेव्हा ते राहू दे. उभ्या जन्मात मी तुला तूच म्हटलं, आता मेल्यावर कुठे आपण म्हणू. मायना-बियना काही घालत नाही. तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की आता या घरात तुला धडपणी बघितलेलं माणूस माझ्याशिवाय कोण उरलं नाही. तरी लिहितेय, कारण आज माझं डोकं उठलंय आणि ऐकून घ्यायला दुसरं कोण नाही.

आज जत्रा होती. सकाळची पूजा आटपली, लोकांचे नारळ मांडून झाले, आणि गाऱ्हाणं घालायला आपल्या चुलतघरातला मुलगा उभा राहिला. तुझ्या पुतण्याचा पोरगा. पणजीला कसल्या तरी कचेरीत असतो. सोवळं असं कडक इस्त्रीचं की बसता येऊ नये. आणि हातात मोबाइल. मोबाइलवर बघून गाऱ्हाणं वाचत होता, आपा! लोकांनी आठ दिवस आधी आपापलं मागणं त्याला फोनवर पाठवायचं, तो ते 'व्यवस्थित' करून ठेवतो. देवासमोर उभा राहून अंगठ्याने वर सरकवत सरकवत म्हणतो, "याचं व्हिसा स्टँपिंग विदाउट एनी ऑब्जेक्शन होऊ दे महाराजा." आणि लोक ओरडतात, "होय म्हाराजा!" काय होय? कोणाला काय कळलं? माझ्या बाजूच्या म्हातारीने मला कोपर मारून विचारलं, "कसला गो तां?" मी म्हटलं, "माका काय विचारतंस, देवाक विचार." ती हसली. मला शिसारी आली. त्याचं इंग्रजी चकचकीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि गाऱ्हाणं म्हणजे बँकेची नोटीस वाचून दाखवावी तसं.

तुझं गाऱ्हाणं कसं असायचं ते तुलाच सांगणं म्हणजे येडेपणा. पण ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. देवळाच्या चौकात तू उभा. खांद्यावर पंचा, हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. ज्याचा नारळ त्याने तुझ्या कानात आपलं दुखणं सांगायचं, आणि तू ते उचलून देवाच्या कानावर घालायचं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो आसा. घरात दुखणां आसा, मनात भिया आसा. तां दुखणां तुझ्या पायाबुडी घे, भिया येशीभायर घाल, आणि जसो होतो तसो माणूस उबो करून दी रे म्हाराजा!" मग सगळा चौक एका तोंडाने, "होय म्हाराजा!" एकदा सुरू केलं की मध्ये तोडायचं नाही हा नेम. नारळ फुटेपर्यंत सलग जायचं. दम घ्यायचा तो लोकांच्या 'होय म्हाराजा'त घ्यायचा. हा मान आपल्या घराचा. तुझ्या बापाने घातलं, त्याच्या बापाने घातलं, आणि तू तर अशा काही तोंडाने घालायचास की मागणं ज्याचं असेल तो चौकातच रडायला लागायचा.

आणि त्या गाऱ्हाण्यात जगातलं सगळं यायचं. कोणाचा 'पासपोर्त', कोणाचं 'इंटरयू', कोणाची खाणीवरची नोकरी 'टेंपरवारी' ती 'परमनेट' होऊ दे. ट्रकाचं 'लायसन'. दवाखान्यातलं असेल तर 'इंजेसांव' नाहीतर 'आपरेसांव'. परक्या मुलखातला शब्द आला की तू त्याला आधी वहाणा काढायला लावायचास, पायांवर पाणी घालायचास आणि मगच देवळात घ्यायचास. कोणाला कधी काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? पुढच्या दोन रांगांना ऐकू यायचं तेवढंच. बाकीचे तुझा आवाज थांबला की 'होय म्हाराजा' म्हणायचे.

मग आला माइक. ते दिवस तुला आठवत असतील. आपलं वेगळं राज्य नुकतंच झालेलं. नवे बोर्ड, नवे शिक्के, आणि भाषेवरून भांडणं. आमची मराठी, आमची कोंकणी. नाक्यावर दोन माणसं भेटली की आधी तू कुठला ते विचारायची. आपल्या वाड्यावरचे दोघे शिकलेले तर त्यापायी एकमेकांच्या दारची वाट सोडून चालायचे. एक तुझा पुतण्या, बँकेतला कारकून, मराठीवाला. दुसरा शाळामास्तर, कोंकणीवाला. दोघेही सकाळी उठून पाव खायचे, चावीने कपाट उघडायचे, महिन्याचा पगार घ्यायचे आणि मग एकमेकांना शुद्ध भाषा शिकवायचे. यातले पाव, चावी, पगार फिरंग्याकडून, म्हणजे पोर्तुगीजांकडून आलेले, आणि तेही आपण वाकडे करून घेतलेले, हे दोघांपैकी एकालाही आठवायचं नाही. माझं शिक्षण सहावी. पण मला तेव्हाही वाटायचं, हे काय चाललंय?

माइक देवळाच्या कमिटीने आणला. पहिल्या वर्षी तू त्याच्यापुढे उभा राहिलास तेव्हा तुझा श्वाससुद्धा वाड्यावर ऐकू गेला. खालच्या वाड्यावरच्या एका मुलीचं नोकरीचं होतं. तू म्हणालास, "हिचां इंटरयू बरां जांव दी रे म्हाराजा," आणि मागून हसू आलं. मुंबईहून आलेली पोरं होती ती. आणि त्यांच्यात आपला मास्तर, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून आपला कारकून! भाषेवरून एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे त्या दिवशी एकत्र हसले. तुला वाटलं लोक खूश झाले. तूही हसलास, आणि पुढचं आणखी जोरात म्हटलंस. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

चार दिवसांनी पुतण्या घरी आला. तू मागच्या सोप्यावर आदोळीवर बसून नारळ किसत होतास, मी भाकऱ्या थापत होते. तो आत येऊन कदेल ओढून बसला. कपाळावर आठ्या अशा की मयताला आलाय.

"काका, राग मानू नको हां. पण आता मायक आसा. लांबचे लोक येतत. ते शब्द जरा..."

"कसले शब्द?"

"इंग्लिश. नीट म्हटलंस तर बरे दिसतत."

"शब्द दिसतत? खंय दिसतत रे?"

"म्हणजे आयकाक बरे लागतत."

"देव बयरो न्हय. आजवर त्येका सगळां कळलां."

"देवाचां सोड काका. लोकांचां बघूक व्हयां. कमिटीत विषय निघालो आसा. सुधारणा नाय झाली तर गाऱ्हाणां दुसऱ्याकडे देऊया म्हणतत."

तू किसायचा थांबलास. तेव्हाच मी हाकलून द्यायला हवा होता त्याला. त्याऐवजी मी तव्यावरून मान वर केली आणि म्हटलं, "मी शिकयतंय आपाक."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुका येता?"

"मगे? तुयेक मी काय गवत कापूक जातंय?"

त्यामागचं कारण तुला मी कधी सांगितलं नाही. नवरा गेल्यावर मी तुझ्या घरी आले आणि तुये गावच्या कारखान्यात लागले. औषधाच्या बाटल्यांवर लेबल चिकटवायचं काम. मी 'लेबुल' म्हणायची. आपल्याकडे सगळेच म्हणायचे. एक दिवस सुपरवायझरने मला सगळ्या बायांसमोर उभं केलं आणि म्हणाला, लेबल म्हण. मी म्हटलं लेबुल. परत म्हण. परत लेबुल. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सुट्टीची घंटा होईपर्यंत त्याने मला सोडलं नाही. घरी येऊन मी विहिरीवर उभी राहून लेबल, लेबल म्हणत राहिले, जीभ दुखेपर्यंत. त्यानंतर माझं बोलणं सुधारलं आणि स्वभाव बिघडला. कोणी 'टायम' म्हटलं की मी 'टाइम' म्हणायची. शेजारची वयनी 'टमाट' म्हणाली की टोमॅटो म्हण म्हणून सांगायची. वयनीने एकदा हात जोडले, "बाय माजे, तो खाऊचो आसा, त्येची बारशी करूची नाय." त्या सुपरवायझरने मला जे केलं ते मी गावभर वाटत फिरत होते. त्यात मला मोठेपणा वाटायचा. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तर तुझी शाळा सुरू झाली. माझी शिफ्ट सुटल्यावर, संध्याकाळच्या दिव्याआधी, स्वयंपाकघरात. तू आदोळीवर, मी चुलीपुढे. इंटरव्ह्यू तू मोडत मोडत उचललास. पासपोर्टचा शेवटचा 'ट' जिभेवर ठेवायला तुला आठ दिवस लागले. पण ऑपरेशनने जीव खाल्ला.

"ऑ-प-रे-शन. म्हण."

"आपरे..."

"आ नाय, ऑ!"

"ऑपरे... सांव."

"सांव नाय रे, शन! शन!"

"शन."

"आता सगळा एकदम."

"आपरेसांव."

मी पळी आपटली. तू दात काढलेस. "ही जीब पुरानी फॅक्टरी गो. हितून एकच माल येता."

मला हसायला काय झालं होतं? नाही हसले. मग तू चुलीपाशी पडलेला चमचा उचललास आणि माझ्या नाकासमोर धरलास. "हां काय?"

"कुलेर."

"पेडण्याच्या दवाखान्यात मी पाणी भरी तेव्हा फिरंगी दोतोर होतो. तो हेका आणि कायतरी म्हणी. कुलेर न्हय. तुज्या आजयेन त्येची कुलेर केली. मगे उडय भायर. ही कदेल उडय. हां जनेल काढ भिंतीतसून. ह्या सगळ्यांका कोण हसना नाय आणि आपरेसांवाक तेवडे हसतत?"

"त्येची गजाल वेगळी."

"कित्याक वेगळी?"

"वेगळी म्हणजे वेगळी! ऑपरेशन म्हण."

मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी आवाज चढवला. उत्तर सोपं होतं. कुलेरीला हसणारा फिरंगी त्याच्या गावी गेला होता, आणि इंटरयूला हसणारे अजून चौकात बसलेले होते. एवढंच काय ते शुद्ध आणि अशुद्ध. चार यत्ता शिकलेला हसला की शब्द वाईट, तो मेला की तोच शब्द आईची भाषा. हे आज मला सुचतं. तेव्हा मी तुला काय म्हटलं ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. "चार लोकांत तू माजी लाज काढतंस. कारखान्यात बायो माका विचारतत, तुजोच बापूस न्हय तो?" खरं तर कोणी विचारलं नव्हतं. तू हातातली करवंटी खाली ठेवलीस. पंच्याने हात पुसलेस. म्हणालास, "बरां. शिकय." त्यानंतर तू एकदाही मस्करी केली नाहीस. मी म्हणायची, तू मागून म्हणायचास. देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस खाली मान घालून, शिक्षा झाल्यासारखा.

दुसऱ्या वर्षीची जत्रा आली. सकाळपासून उन्हाची तिरीप चौकात पडलेली, माइकच्या कर्ण्यातून किरकिर येतेय, कमिटीवाले छातीला फुलं लावून इकडून तिकडे धावतायत. त्या वर्षी शेजारच्या वयनीचा नारळ होता. तिच्या घोवाच्या, नवऱ्याच्या हृदयाचं होतं, बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती माणसाच्या आशेने उभी होती बिचारी, तिला कसलं आलंय शुद्धलेखन. तू सुरू केलंस. पहिले दोन-तीन नारळ बरे गेले. इंटरव्ह्यू नीट आलं आणि पुतण्याने मान हलवली, परीक्षा पास झाल्यासारखी. मग वयनीचं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीन आज नारळ ठेवलो आसा. हिच्या कपाळाचा कुकू आज तुझ्या हातात आसा. बांबोळीक त्येचां आपरे..."

आणि तू थांबलास.

माइकमधून तुझा श्वास येतोय. बाकी काही नाही. कोणी 'होय म्हाराजा' म्हणत नाही, कारण वाक्य पुरं झालेलं नाही. वयनी हात जोडून तुझ्याकडे बघतेय. तू तोंड उघडतोस, मिटतोस. गाऱ्हाणं अडलं. आपल्या गावात कोणाच्या आठवणीत असं झालं नव्हतं. म्हातारे माना खाली घालून बसले, एकाने कानाच्या पाळ्या धरल्या. मग पुतण्या पुढे आला, तुझ्या दंडाला धरून तुला बाजूला केलं, आणि माइकमध्ये खणखणीत म्हणाला, "याचं बायपास ऑपरेशन यशस्वी होऊ दे महाराजा." होय म्हाराजा झालं. नारळ फुटला. तुझा मान तेवढ्यात गेला, एवढ्याशा वेळात. तू खांबाला टेकून उभा राहिलास आणि पंचा खांद्यावरून काढून हातात घडी करून धरलास.

कमिटीने नंतर कागद वगैरे काही केला नाही. पुढच्या वेळी तुला कोणी बोलवायलाच आलं नाही. "काकांचं वय झालं, आता त्रास कशाला." इतक्या सभ्यपणाने माणसाचं तोंड बंद करता येतं हे मी तेव्हा बघितलं. वयनीचा घोव धडधाकट परत आला, पुढे कितीतरी वर्षं शेत केलं त्याने. पण त्याचं श्रेय देवाला, डॉक्टरला आणि पुतण्याच्या खणखणीत बोलण्याला.

वयनीचं मत मात्र वेगळं होतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नारळ घेऊन आपल्या दारात आली. मी कामाला निघाले होते. ती तुला म्हणाली, "भावजी, काल माजां गाऱ्हाणां पावलां नाय. त्येचो आवाज देवाच्या वळखीचो नाय. तू हय तुळशीकडे घाल."

तू म्हणालास, "माजो मान नाय आता."

"मान कमिटीचो. माजो घोव माजो. घाल तू."

तू उठलास, तोंडावर पाणी मारलंस. मग माझ्याकडे वळलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. अगदी साध्या आवाजात म्हणालास, "तू जरा भायर रव." मी बाहेर जाऊन कुंपणापाशी उभी राहिले. बस चुकली तरी हलले नाही. आणि अंगणातून तुझा आवाज आला, माइकशिवाय, पहिल्यासारखा. एका दमात, कुठे न अडता. आपरेसांव आलं आणि गेलं. वयनी एकटीच 'होय म्हाराजा' म्हणत होती. तिच्यामागून मीही म्हणायला हवं होतं. मला ते आतून आलं होतं, पण तू बाहेर थांब म्हणाला होतास.

त्यानंतर तू बाहेर लोकांशी पहिल्यासारखाच बोलायचास. नाक्यावर गप्पा, थट्टा, शिव्या, सगळं. माझ्यासमोर मात्र तुझी नवीनच तऱ्हा सुरू झाली. घरातली वस्तू हवी असली की तू तिचं नाव घ्यायचा नाहीस, बोट दाखवायचास. कुलेर हवी, बोट. कोप हवा, बोट. तुवाल्याकडे बोट. मी म्हणायची, "तोंडान सांग मगे." तू म्हणायचास, "तां." तू जाईपर्यंत हे चाललं. आजारात शेवटी खिडकी उघडायची होती तेव्हाही तू हात वर केलास. मी उघडली. तुला राग होता असंही वाटत नाही मला. तू नुसता सांभाळून राहायचास माझ्यापाशी, साहेबापाशी राहतात तसा. बापाने लेकीला असं भ्यावं याच्यासारखी घाण गोष्ट मी दुसरी बघितली नाही.

तुझ्या मागे मी कारखाना सोडला. लांबच्या एका भाच्याने मांद्र्याला, समुद्रकाठी, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तिथे सीझनला जेवण करायला जायची. तिथला प्रकार काय सांगू. कोणी गोरा 'नमास्टे' म्हणाला की आपली पोरं टाळ्या वाजवतात, किती गोड म्हणतात. तो भाजीला 'बाजी' म्हणतो, दह्याला 'डाही' म्हणतो, त्याला हसायचं नाही, त्याचा फोटो काढायचा. आणि खोल्या झाडायला येणारी आपली बाई 'बेडशीट'ला 'बेटशीट' म्हणाली की तीच पोरं लोळून हसतात. मी एकदा भाच्याला सगळ्यांसमोर झापला. तो म्हणाला, "आते, तू खूप सिरियस घेतेस." घेते. मला तेवढाच उद्योग आहे.

तिथेच एका वर्षी पोर्तुगालहून एक म्हातारी आली होती. माझ्याच वयाची, लंगडत चालायची. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही, तरी आम्ही दोघी रोज मागच्या पायरीवर बसून भाजी निवडायचो. एक दिवस तिने झगा वर करून गुडघ्यावरचा टाक्यांचा वळ दाखवला आणि एक शब्द बोलली. आपा, तो तुझा शब्द होता. पुढचं अक्षर जरा गोल, पण शेवटचं 'सांव' नाकातून, जसंच्या तसं. तू तो पेडण्याच्या दोतोराच्या तोंडून उचलला होतास आणि इतकी वर्षं नीट ठेवला होतास. मी तुला शिकवत बसले होते! माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. तिला वाटलं मला गुडघ्याचं वाईट वाटलं, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पण हे कळून तरी मी काय मोठं मिळवलं? घरी येताना बसमध्ये माझा मलाच राग आला. म्हणजे तुझा शब्द बरोबर निघाला म्हणून मला आता वाईट वाटायचं? आणि चुकीचा असता तर? इंटरयू चूकच होतं, टेंपरवारी चूकच होतं. तेवढ्यासाठी तुझं तोंड बंद करायचं होतं? वयनीच्या घोवाचं दुखणं चौकात एकट्या तुलाच कळलं होतं. पुतण्याला शब्द कळला होता, आणि आज त्याच्या पोराला तर शब्दही मोबाइलला विचारावा लागतो.

आता एक राहिलंय, त्यासाठीच बसले होते आणि मघापासून दुसरंच लिहितेय. तू अडलास तेव्हाचं. सगळं गाव म्हणतं, म्हातारा विसरला. तू विसरला नव्हतास. तू 'आपरे' म्हणालास आणि डोळे उघडून बायकांच्या बाजूला बघितलंस, माझ्याकडे. देव समोर होता आणि तू माझ्याकडे बघितलंस, बरोबर चाललंय ना म्हणून. आणि मी मान हलवली. नाही म्हणून. कारखान्यात तो सुपरवायझर हलवायचा तशी, ओठ दाबून. ते बघून तू थांबलास. मी नुसती खाली बघितली असती तरी तुझं वाक्य पुरं झालं असतं. कोणाला दिसलं नाही ते, तुला दिसलं, मला माहीत आहे. आणि तूही कोणाला सांगितलं नाहीस.

अजून कोणी तुझा विषय काढतं, आवाज काय होता म्हणतं, पण शेवटी विसरला बिचारा म्हणतं. तेव्हा मी म्हणते, होय, वय झालं होतं आपाचं. परवासुद्धा म्हटलं. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, आणि उद्या कोणी विचारलं तर काय म्हणेन तेही खात्रीने सांगता येत नाही.